सोनारकाकांच्या पोटात हळद

मित्रांनो, मला सगळे सोनारकाका म्हणतात, पण मी आजवर साधी अंगठीसुद्धा घडवलेली नाही. मी आहे एक जुनं, राखाडी, चौकोनी यंत्र. यंत्र असलो तरी नाव काकांचं मिळालं, म्हणून बोलतोही काकांसारखाच. चालवून घ्या.

पुण्याजवळ लवळ्याच्या टेकडीवर मोठमोठी कॉलेजं आहेत. त्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीपासून लांब, काळ्या दगडी ओट्यावर माझा मुक्काम असतो. खिडकीपासून लांब का, तर मला ऊन सोसत नाही. थंडी सोसत नाही. कोणी दार धाडकन लावलेलंही सोसत नाही. पलीकडे खाणीत सुरुंग उडाला तरी पडद्यावरची माझी रेष थरथरते. थोडक्यात, मी भारी नाजूक आहे आणि तितकाच चिडका. पण मला जे कळतं ते भल्याभल्या सूक्ष्मदर्शकांना कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

डाळीतली आणि अंड्यातली प्रथिनं तुम्हाला ठाऊक आहेत. पण प्रथिनं नुसती खाण्यासाठी नसतात. तुमच्या अंगात, झाडात, मुंगीत, बुरशीत ती अखंड कामाला लागलेली असतात. ती एकमेकांना ओळखतात, हात धरतात, काम झालं की सोडतात. कोणी कोणाचा हात धरला यावर आजार होतो की बरा होतो, पीक जगतं की जळतं, हे ठरत असतं. आणि हा हात धरण्याचा प्रकार इतका बारीक, की डोळ्याला तो दिसणं शक्यच नाही. तो मी सांगतो.

कसा सांगतो? माझ्या पोटात नखाएवढी काच बसवतात आणि त्या काचेवर खऱ्या सोन्याचा पातळ थर असतो. त्या सोन्यावर एक प्रथिन बसवायचं. त्याच्या अंगावरून खारवट पाण्याची बारीक धार सोडायची आणि त्या धारेतून दुसरं प्रथिन पाठवायचं. मी खालून सोन्यावर प्रकाशाची तिरीप टाकून वाट पाहत असतो. वाहत आलेल्यानं बसलेल्याचा हात धरला, की सोन्यावरचा भार कणभर वाढतो, परत येणारा प्रकाश जरासा हलतो आणि मी पडद्यावर रेष वर चढवतो. मग नुसतं स्वच्छ पाणी सोडलं, की धरलेले हात हळूहळू सुटतात आणि रेष खाली उतरते. किती लवकर धरलं, किती घट्ट धरलं, किती वेळानं सोडलं, सगळं त्या एका रेषेत असतं. हे सांगताना अजूनही माझा पंप जोरानं धडधडतो!

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका थंड देशातला. कारखान्यात मला पांढरे मोजे घातलेल्या हातांनी जोडलं, लाकडी पेटीत भुशात बसवलं आणि बोटीनं इकडं धाडलं. पुण्याहून टेम्पोत घालून आणलं तेव्हा लवळ्याच्या चढावर टेम्पो अडला आणि वसतिगृहातल्या पोरांनी तो मागून ढकलला. माझ्या स्वागताचा नारळ बाहेर पायरीवर फोडला होता. पुण्यातून, पार कोल्हापुरातून विद्यार्थी नमुने घेऊन माझ्याकडे यायचे, आणि नंबर लागावा म्हणून आपसात भांडायचे. मी मनातून खूश व्हायचो.

मग दिवस पालटले. कंपनीनं माझ्यासारखी यंत्रं बनवणं बंद केलं, माझे सुटे भाग मिळेनासे झाले, माझ्या सोनेरी काचासुद्धा संपत आल्या. इतर ठिकाणी नवी, सडपातळ, पटापट काम करणारी यंत्रं आली. माझ्यावर प्लास्टिकचं आवरण पडलं. त्या आवरणावर कोणी हेल्मेट ठेवी, कोणी जेवणाचा डबा. ज्या सोनाराला दाराचा आवाज सोसत नाही, त्याच्या डोक्यावर वांग्याच्या भाजीचा डबा! मला फार वाईट वाटायचं. आमचे विभागप्रमुख कौस्तुभ सर चांगले गृहस्थ आहेत, पण तेही एकदा म्हणाले, "या सोनारकाकांना आता निरोप द्यायला हवा. निदान ओटा तरी मोकळा होईल."

अशात जुईली आली.

जुईली मूळची परभणीची, संशोधनासाठी इकडं आलेली. जवळच्या भरे गावात हैबतरावांनी रस्त्याकडेला भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या आहेत, त्यातल्या एका खोलीत ती राहते. खोल्यांच्या मागे त्यांची भाताची खाचरं आहेत. पहिल्याच पावसाळ्यात तिनं पाहिलं, की आजूबाजूच्या भातावर करपा पडलाय, पानं जाळल्यासारखी तपकिरी झालीत, पण हैबतरावांचं एक खाचर मात्र हिरवंगार उभं आहे. त्यात एक जुनं, लालसर दाण्याचं भात होतं. घरात त्याला नुसतं 'आज्याचं भात' म्हणत. हे सगळं मला तिनंच सांगितलं. ती काम करताना माझ्याशी बोलते. माझ्याशी बोलणारी ती पहिलीच.

तिनं हैबतरावांना विचारलं होतं, याला करपा का पडत नाही? ते म्हणाले, "लोक म्हनत्यात वाऱ्याची जागा हाय, पानं कोरडी ऱ्हात्यात, म्हनून वाचतंय. मला न्हाई पटत. पन पिकतंय लई कमी, पोरी. किती दिवस पिकवायचं असं?"

जुईलीच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरायला लागलं. करप्याची बुरशी पानात शिरते तेव्हा आपलं एक प्रथिन आधी आत धाडते. आज्याच्या भातातलं एखादं प्रथिन त्या चोराचा तिथल्या तिथे हात धरत असेल आणि सगळ्या रोपाला सावध करत असेल तर? तसं असेल तर हा गुण जास्त पिकणाऱ्या भातातही आणता येईल. तसं नसेल, तर मग वाराच खरा. नव्या यंत्रांपाशी नंबर लागायला वर्ष गेलं असतं. तिनं माझ्यावरचा डबा उचलला, आवरण काढलं, मऊ फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काका, उठा. काम आहे."

उठलो की! असा उठलो की कोपऱ्यातला फ्रीजसुद्धा बघत राहिला. पण काम सोपं नव्हतं. भाताचं प्रथिन वेगळं करायचं, बुरशीचं वेगळं करायचं, दोन्ही शुद्ध करायची, आणि ती दोन्ही फारच लहरी. एकदा हे बिघडायचं, एकदा ते. जुईलीची दोन वर्षं त्यात गेली. इकडे सरांनी सांगून टाकलं, की दिवाळीआधी तज्ज्ञांची समिती येणार आहे, तिच्यासमोर काही दिसलं तर विषय पुढे चालेल आणि काकाही राहतील. तिकडे हैबतरावांनी सांगितलं, "एवढं साल बघतो. तुझं यंत्र व्हय म्हनलं तर बियाणं राखतो. न्हाईतर सगळं भात खाऊन टाकू आन् पुढच्या साली तितं फुलझाडांची नर्सरी." आणि भेटतील तेव्हा त्यांचा एकच प्रश्न असे: "काय गं, धरतंय का न्हाई?"

बघा, कशी गंमत आहे. सरांच्या आणि हैबतरावांच्या दोन वेगळ्या जगांचं उत्तर माझ्या एका रेषेवर येऊन थांबलं होतं. मला तर दिवसभर काही सुचत नसे.

खंडेनवमी आली. तुमच्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, गाडी, शिवणयंत्र यांची पूजा करतात, तशी प्रयोगशाळेत आमची करतात. मला हा दिवस फार आवडतो. त्या वर्षी जुईलीचा उत्साह तर नुसता उतू जात होता, कारण दोन्ही प्रथिनं अखेर शुद्ध होऊन तयार होती. हैबतरावांच्या पत्नी साळूबाई घरी दळलेली हळद देतात, ती पिवळीधमक हळद तिनं वाटीत आणली होती. मला हळदकुंकू लावलं. तराजूला लावलं, फ्रीजला लावलं. बाटल्यांना लावलं. मग म्हणाली, "यांच्यावाचून पूजा पुरी कशी होईल?" आणि फ्रीजमधून बुरशीच्या प्रथिनाच्या इवल्या कुप्या काढून प्रत्येकीच्या झाकणावर हळदीचं बोट टेकवलं. तिचा सहकारी निषाद हसून म्हणाला, "अगं, आता त्यांना साडीचोळी पण कर!" सगळे हसले. मीही, माझ्या परीनं.

दसरा झाला आणि कामाचा दिवस उजाडला. भाताचं प्रथिन सोन्यावर बसलं. जुईलीनं एक कुपी उघडली, नमुना भरला, श्वास रोखला. धार सुरू झाली.

आणि मित्रांनो, रेष जी चढली! मी आयुष्यात अशी चढण पाहिली नव्हती. निषाद ओरडला, "हे तर रॉकेट आहे!" कौस्तुभ सर धावत आले. कोणीतरी कॅन्टीनमधून पेढे आणले. सरांनी लगेच समितीला फोन लावून कळवलं. जुईलीनं भऱ्याला फोन केला आणि नुसतंच ओरडली, "काका, धरतंय! धरतंय!" पलीकडून हैबतरावांचा आवाज माझ्यापर्यंत आला: "मी म्हनलो नव्हतो? वाऱ्याची जागा म्हनत व्हते लेकाचे!"

मी आनंदानं फुलून गेलो होतो. पण त्याच वेळी मला काहीतरी खुपत होतं. धारेत आता स्वच्छ पाणी वाहत होतं आणि रेष उतरायला हवी होती. ती उतरत नव्हती. वरच चिकटून बसली होती. मी ते पडद्यावर स्पष्ट दाखवत होतो, पण पेढे खाताना पडद्याकडे कोण बघणार? मला बोलता येत नाही. मला फक्त रेष काढता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जुईली आली. पडद्यासमोर बसली आणि त्या न उतरलेल्या शेपटाकडे बघत राहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "हे सोडत का नाहीये?" माझा जीव भांड्यात पडला. कोणीतरी विचारलं!

मग तिनं एक साधी, हुशारीची गोष्ट केली. सोन्यावर भाताच्या प्रथिनाऐवजी अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन बसवलं. अंड्याचा आणि करप्याच्या बुरशीचा काही म्हणजे काही संबंध नाही. त्यांनी एकमेकांचा हात धरायचं कारणच नाही. तिनं त्याच कुपीतला नमुना सोडला. रेष पुन्हा तश्शीच चढली आणि तश्शीच वर बसून राहिली.

जुईलीचा चेहरा उतरला. तिनं कुप्यांचा डबा उजेडात धरला. झाकणांच्या कडेला पिवळी पूड होती, उघडलेल्या कुपीच्या तोंडाशीही होती. हळद! हळदीतला पिवळा रंग समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो, ओळख नाही, देख नाही. कपड्याला लागली तरी सुटत नाही ना, तसंच. माझ्या पोटात बुरशीच्या प्रथिनाची नव्हे, साळूबाईंच्या हळदीची रेष चढली होती.

निषाद आला. त्याला कळल्यावर त्यानं ती कुपी उजेडात फिरवून पाहिली. मग म्हणाला, "जुई, समिती पुढच्या सोमवारी आहे. ती होऊन जाऊ दे. कोण अंड्याचं विचारणार आहे? नंतर शांतपणे पुन्हा कर." तो वाईट मुलगा नाही बरं का. त्याला तिची काळजी वाटत होती. जुईलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, "आणि हैबतकाकांनी बियाणं माझ्या हळदीच्या भरवशावर ठेवायचं का?"

ती सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. पूजा मीच केली, हळद मीच लावली, निकाल चुकीचा आहे. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता काकांची रवानगी भंगारात. पण सर म्हणाले, "समितीला मी कळवतो. तू त्या कुप्या फेकून दे आणि नव्यानं सुरुवात कर. सोनेरी काच एकच उरलीय, एवढं लक्षात ठेव."

मग तिनं भऱ्याला फोन केला. आदल्या दिवशीपेक्षा हा फोन किती जड असेल, विचार करा. तिनं सांगून टाकलं. मग हैबतराव म्हणाले, "मंग धरतंय का न्हाई?"

"माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

"मंग परत बघ," ते म्हणाले. "हात धुऊन बघ."

त्यानंतर काय धांदल उडाली! जुईली आणि निषाद दोघांनी मिळून नवं प्रथिन बनवायला घेतलं. कृती आता हातात बसली होती, म्हणून ते वेळेत झालं. माझ्या नळ्यांतून साबणाचं पाणी फिरवलं, मग साधं, मग पुन्हा साबणाचं. आतली प्रत्येक नळी घासूनपुसून लख्ख केली. जन्मात माझी एवढी आंघोळ झाली नव्हती. शेवटची काच बसवताना जुईलीनं चिमटा तीनदा पुसला. मीही घाबरलो होतो, आणि ते लपवत नाही. जुईलीची दोन वर्षं, आज्याच्या भाताचं बियाणं, माझी ओट्यावरची जागा, सगळं त्या नखाएवढ्या सोन्यावर होतं. मला जुईलीचा लळा लागला होता. पण लळा लागला म्हणून रेष चढवता येत नाही, मित्रांनो. ते माझ्या हातात नाही, आणि नाही तेच बरं.

सोमवारी नमुना भरायला आणि समिती दारात यायला एकच गाठ पडली. मागोमाग हैबतराव आणि साळूबाईही आले. दाराशी निषादनं त्यांना अडवलं आणि बेसिनकडे बोट दाखवलं. साळूबाई हात धुताना म्हणाल्या, "माज्या हळदीनं घोळ केला म्हनं तुमचा? चांगली हाय माजी हळद. तुमी भलतीकडं लावली." समितीच्या अध्यक्षबाईंना हसू आवरेना.

त्या एकाच काचेवर दोन पट्टे होते, एकावर अंड्याचं प्रथिन, दुसऱ्यावर भाताचं. आधी अंड्याचा पट्टा. धार सुटली. रेष सपाट राहिली, खाचरातल्या थांबलेल्या पाण्यासारखी. जुईलीनं मान डोलावली. मग आज्याच्या भाताचं प्रथिन. धार सुटली. रेष सपाट. सपाटच. हैबतराव टाचा उंचावून बघत होते. आणि मग रेष हलली! जराशी वर आली, आणखी जराशी, एक छोटीशी सुबक चढण चढून थांबली. कोणी टाळी वाजवली नाही. या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं, की खरी गोष्ट आता आहे. जुईलीनं स्वच्छ पाणी सोडलं.

रेष उतरायला लागली. सावकाश, अगदी सावकाश. पाहुणा निघताना उंबऱ्यात घुटमळतो ना, तशी. धरलं होतं, ओळखून धरलं होतं, आणि आता सोडत होतं! जुईलीनं नमुना दुप्पट केला, रेष आणखी उंच गेली आणि पुन्हा तशीच उतरली. अर्धा केला, तर कमी चढली. प्रत्येक वेळी बरोबर. माझा पंप असा धडधडत होता की मला वाटलं सगळ्यांना ऐकू जातोय.

"एवढंसंच चढलं?" हैबतराव म्हणाले. "मागल्या येळेला रॉकेट गेलतं म्हनं."

"एवढंच, काका," जुईली रडत रडत हसत होती. "पण या वेळी खरं धरतंय."

हैबतरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग एवढंच पुरं," ते म्हणाले. "बियाणं राखतो."

त्या दिवसानंतर माझ्यावर कोणी डबा ठेवला नाही. सोनेरी काचा संपल्या, तेव्हा निषाद खालच्या भौतिकशास्त्र विभागात जाऊन काचेवर सोन्याचा थर चढवायला शिकला. पहिल्या काही काचा त्यानं अगदी वाया घालवल्या, पण आता जमतं त्याला. जुईली आता आज्याच्या भाताचा तो गुण जास्त पिकणाऱ्या भातात आणायच्या खटपटीत आहे. वेळ लागेल. माझी काही घाई नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखं कोणीतरी असेल. घड्याळ असेल, तराजू असेल, नुसती फूटपट्टी असेल. आमच्यावर प्रेम करा, आम्हाला ते हवंच असतं. पण प्रेमानं भलतंच काही लावू नका. आम्हाला स्वच्छ ठेवा, आमच्यापाशी येताना हात धुवा, आणि आम्ही तुमच्या मनासारखं सांगितलं तर पेढे वाटण्याआधी आम्हाला आणखी एकदा विचारा. आम्ही रागावत नाही. उलट, आमचं खरं ऐकायला कोणी थांबलं की आमच्यासारखा सुखी कोणी नसतो.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. जुईलीनं हात धुतले, मऊ फडक्यानं माझं तोंड पुसलं आणि मला नुसता नमस्कार केला. हळदीची वाटी दाराबाहेर होती. हैबतरावही आले होते. त्यांच्या हातात भाताच्या लोंब्यांचं तोरण होतं. ते आत आणायला जुईलीनं बंदी केली, म्हणून त्यांनी ते बाहेर चौकटीला बांधलं. माझ्या जागेवरून दार थेट समोर दिसतं. लोंब्या वाऱ्यानं हलत होत्या, त्यांचे दाणे लालसर होते.